नानांची दृष्ट

आमच्या घरात आजारी पडण्याचा मान आजवर माझ्याकडे होता. गेली वीस वर्षं मी तो निष्ठेने सांभाळला. एक शिंक आली की मी सोफ्यावर आडवा होतो आणि बायको "पुन्हा?" एवढा एकच शब्द उच्चारून गवती चहा उकळायला ठेवते. गेल्या ऑक्टोबरात घरादाराचं लक्ष माझ्यावरून उडालं आणि एका वीतभर सरड्याच्या तब्येतीवर जाऊन बसलं. खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं. पण तेवढी उसंत नव्हती, कारण सगळ्यात जास्त हवालदिल मीच झालो होतो.

झालं असं की, आमच्या मनवाला कुत्रा हवा होता. आम्ही राहतो टेक्सासातल्या प्लेनो गावात, आणि इथे कुत्रा नसलेलं घर म्हणजे तुळस नसलेलं अंगण. पण लहानपणी चिपळूणच्या बाजारपेठेत एका कुत्र्याबरोबर माझी शर्यत झाली होती, तिचा निकाल माझ्या डाव्या पोटरीवर अजून वाचता येतो. म्हणून मी मुत्सद्दीपणा केला. म्हटलं, प्राणी आण, पण तो भुंकणारा नको, फिरवायला लागणारा नको आणि सोफ्यावर केस सांडणारा नको. माझा हिशेब गोल्डफिशवर येऊन थांबत होता. दहा वर्षांच्या मुलीने तो हिशेब दोन दिवसांत शॅमेलिऑनवर आणून ठेवला. तिन्ही अटींत तो चोख बसत होता.

इकडे सरपटणाऱ्या प्राण्यांची जत्रा भरते. जत्राच म्हणायची, फक्त पाळण्यांऐवजी टेबलं आणि टेबलांवर श्रीखंडाच्या डब्यांसारख्या डब्यांत वेटोळी घालून बसलेली अजगराची पिल्लं. मी हात खिशात घालून, दोन्ही बाजूंच्या टेबलांपासून समान अंतर राखत चाललो होतो. एका टेबलावर जाळीच्या पिंजऱ्यात तो बसला होता. हिरवागार, अंगावर फिकट पट्टे, शेपटीची भोवऱ्याच्या दोरीसारखी गुंडाळी आणि डोक्यावर उंच शेंडा. ही जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातली. इंग्रजीत तिला व्हेल्ड शॅमेलिऑन म्हणतात. इंग्रजांना त्या शेंड्यात बुरखा दिसला, ही त्यांची नजर. मला सरळसरळ पगडी दिसली. त्यात त्याचा एक डोळा माझ्याकडे आणि दुसरा, स्वतंत्रपणे, माझ्या पाकिटाकडे. पगडी आणि एकाच वेळी दोन दिशांना नजर! मी तिथल्या तिथे नाव ठेवलं, नाना. साडेतीन शहाण्यांतले अर्धे नाना फडणवीस. आमच्या घरातल्या उरलेल्या शहाणपणाची बेरीज किती भरते, ते पुढच्या पंधरा दिवसांत कळायचं होतं.

नाना पासष्ट डॉलरचे. नानांचा संसार तीनशे चाळीस डॉलरचा. चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला लागतो असं आपण नाक मुरडून म्हणतो, पण तिथे मसाला तिप्पटच आहे. ती म्हण मला त्या दिवशी पहिल्यांदा स्वस्त वाटली. उंच जाळीचा पिंजरा, ऊन खायला एक दिवा, शिवाय अतिनील किरणांची वेगळी ट्यूब. ही ट्यूब नसली तर अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, मग कॅल्शियम पचत नाही आणि हाडं वाकतात. पाण्याचा फवारा उडवणारं यंत्र. पिंजऱ्यात लावायला म्हणून एक 'पोथोस' नावाचं झाड वीस डॉलरला घेतलं. घरी आणून वेष्टन काढल्यावर बायको म्हणाली, "अरे, हे मनीप्लांट आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीत आपलंच आहे की!"

आणि रातकिडे. जिवंत, एका खोक्यात पन्नास. हे रातकिडे नानांना देण्याआधी आपण त्यांना जेवू घालायचं असतं, म्हणजे त्यांच्या पोटातलं सत्त्व नानांच्या पोटात जातं. त्यामुळे आमच्या घरात रातकिड्यांसाठी सेंद्रिय गाजर येऊ लागलं. मला साधं. मग ते किडे पिशवीत घालून कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचे. कोकणातल्या माणसाला हे काम शिकवावं लागत नाही, बोंबील रव्यात घोळवलेले हात आहेत. फक्त बोंबील पिशवीतून उडी मारत नाहीत. पहिल्याच दिवशी अकरा निसटले, त्यातले दहा सापडले. अकरावा देवघराच्या मागे कुठेतरी राहायला गेला आणि संध्याकाळच्या आरतीला साथ करू लागला.

पहिले चार दिवस बरे गेले. नाना खात होते. गणपतीत आणलेल्या जास्वंदीचं एक फूलही त्यांनी मटकावलं, आणि मनवाने "बाबा, ही जात पानंफुलंसुद्धा खाते" अशी माहिती दिली. पाचव्या दिवशी त्यांनी किड्याकडे पाहिलं, किड्याने त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोघांनी विषय सोडून दिला.

इथे माझ्या व्यवसायाबद्दल सांगायला हवं. मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. चूक नसली तर सापडेपर्यंत शोधायची, हा आमचा धर्म. मी नानांच्या पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकली.

खुर्ची टाकल्यावर पहिल्या तासातच नानांचा डावा डोळा सुपारीएवढा फुगला, बाहेर आला आणि गरगर फिरू लागला. मी किंचाळलो. बायको हातातली पोळी तव्यावर टाकून धावत आली. तोवर डोळा जागेवर बसला होता आणि नाना काहीच न झाल्यासारखे फांदीवर होते, पोळी मात्र करपली. नंतर वाचलं की शॅमेलिऑन डोळ्यात गेलेला कण असाच डोळा फुगवून, फिरवून झटकतो. म्हणजे नाना डोळे धूत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन वाजता टॉर्च घेऊन गेलो. नाना पांढरेफटक पडले होते, डोळे मिटलेले. मी पायांतलं बळ गेल्यासारखा खाली बसलो आणि मनवाला सकाळी काय सांगायचं याची तालीम करू लागलो. "बेटा, देवाला चांगली माणसं..." इथवर आलो आणि नानांनी एक डोळा किंचित उघडून टॉर्चकडे बघितलं. ते झोपेत असे फिके पडतात, हेही मग वाचलं. वाचून समाधान झालं, तरी खात्री करायला तीन वाजता पुन्हा गेलो. चारलाही.

सहाव्या दिवसापासून मात्र प्रकरण खरंच बिघडलं. नाना काळपट दिसू लागले. पिंजऱ्याच्या तळाशी जाऊन बसू लागले, दिवसाढवळ्या डोळे मिटू लागले. मी एक्सेलमध्ये तक्ता उघडला. वेळ, जागा, रंग. रंगांच्या रकान्यात माझी पंचाईत झाली, कारण पुरुषमाणसाला एकूण सात-आठ रंग येतात आणि नानांकडे त्याहून जास्त होते. शेवटी स्वयंपाकघराचा आधार घेतला. सकाळी सव्वादहा: पालक. अकरा: मेथी. साडेअकरा: करपलेली मेथी. दुपारी एक: कारळ्याची चटणी. ऑफिसच्या मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवताना चुकून हाच तक्ता उघडला गेला आणि हैदराबादच्या सहकाऱ्याने विचारलं, "सर, जेवायला काय आहे?"

जाता जाता एक. सरडा रंग बदलतो तो लपण्यासाठी, असं आपण समजतो आणि पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्याला त्याची उपमा देतो. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनची त्वचा तपासून दाखवून दिलं की रंगाचा हा खेळ सूक्ष्म स्फटिकांचा आहे. प्राणी शांत असला की ते स्फटिक जवळजवळ असतात आणि हिरवा रंग दिसतो, तो खवळला की ते दूर सरकतात आणि पिवळा-तांबडा उमटतो. थोडक्यात, हा प्राणी मनात असेल ते अंगावर दाखवतो. पुढाऱ्याची उपमा देऊन आपण सरड्याची बदनामी करतो आहोत.

तर नानांच्या मनात काय होतं? मी आईला व्हिडिओ कॉल लावला. चिपळूणच्या घरी सकाळ होती, ती पडवीत शेंगा सोलत होती. फोन पिंजऱ्यापुढे धरला.

"मेल्या, घोयरा आणलास घरात?"

"आई, तो घोयरा नाही, त्याचा अरबस्तानातला भाऊ."

"भाऊ तर भाऊ. काय झालंय त्याला?"

घोयरा म्हणजे आपल्याकडचा शॅमेलिऑन. आमच्याकडे लोक त्याला विषारी समजून उगीच घाबरतात आणि पुष्कळदा मारतात. तो अगदी निरुपद्रवी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, म्हणजे मारायचा तर नाहीच, घरी आणून पाळायचाही नाही. मी चिपळुणात राहत असतो तर माझ्यावर ही वेळच आली नसती.

मी लक्षणं सांगितली. आईने चष्मा वर केला, स्क्रीनजवळ आली आणि निदान केलं. "दृष्ट लागलीय. मीठमोहऱ्या ओवाळून टाक."

"आई, हे अमेरिकेत..."

"अमेरिकेत मीठ मिळत नाही काय?"

मी हसून फोन ठेवला. एकविसाव्या शतकात, तक्ता हाताशी असताना, मीठमोहऱ्या!

शनिवारी आमच्याकडे भिशी होती. चौदा माणसं आली आणि चौदाही माणसं आधी नानांना बघायला गेली. कोणी पिंजऱ्यावर टिचकी मारली, कोणी फ्लॅश मारून फोटो काढला, एका लहानग्याने "ए नाना!" म्हणून हाका घातल्या. नाना कारळ्याच्या चटणीवरून थेट तव्याच्या बुडाच्या रंगावर गेले. तेवढ्यात एक काका पाठीमागे हात बांधून, बराच वेळ निरीक्षण करून म्हणाले, "पोट बघ त्याचं. मला तर वाटतं, दिवस गेलेत."

सगळे हसले. मी सोडून. मी वाचलं होतं की या जातीच्या मादीला नर लागतच नाही. ती एकटीही अंडी घालते, आणि एकेका वेळी वीस-तीस-चाळीस. अंडी घालण्याआधी ती खाणं सोडते, अस्वस्थ होते, तळाशी उतरते. खणायला ओली वाळू मिळाली नाही तर अंडी आतच अडकून ती मरतेसुद्धा. लक्षणं तंतोतंत जुळत होती. मी पाहुण्यांना मिसळ वाढायची सोडून दुकानात गेलो आणि पन्नास पौंडांची वाळूची गोण खांद्यावर टाकून आलो. बादलीत वाळू भरली, पाणी शिंपडून भिजवली, मुठीत धरून तिचा लाडू वळतो का पाहिलं आणि बादली पिंजऱ्यात ठेवली. बायको दारात उभी राहून हे पाहत होती. "माझ्या वेळी," ती शांतपणे म्हणाली, "तू हॉस्पिटलात पोहोचलास तेव्हा मनवाला टोपडं घालून झालं होतं."

नानांनी, म्हणजे आता नानींनी, वाळूला पाय लावला नाही. सोमवारी त्यांचे डोळे किंचित खोल गेलेले वाटले. मग मात्र मी सरपटणाऱ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. हे डॉक्टर वेगळे असतात, कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरकडे यांचं काम होत नाही. दवाखाना चाळीस मिनिटांवर. डॉक्टरीणबाईंनी फोनवर विष्ठेचा नमुना आणायला सांगितला होता. तो मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून, वर वेळ आणि तारीख लिहून नेला.

बाईंनी नानांना हातात घेतलं, तोंड उघडून पाहिलं, पाय दाबून पाहिले आणि मला विचारलं, "काय वाटतंय तुम्हाला?"

मी आवाज खाली आणला. "दिवस गेले असावेत."

त्यांनी नानांचा मागचा पाय माझ्यासमोर धरला. टाचेच्या मागे ज्वारीच्या दाण्याएवढा एक बोंडशीसारखा उंचवटा होता. "ही आर दिसते? अंड्यातून बाहेर येतानाच नराला असते. मादीला नसते." मनवा माझ्याकडे बघेना. नाना हे नानाच होते आणि त्यांच्या बाळंतपणासाठी मी पन्नास पौंड वाळू वाहिली होती.

मग प्रश्न सुरू झाले. पाणी कसं देता? मी अभिमानाने सांगितलं, चांदीच्या वाटीत, मनवाच्या उष्टावणाच्या. बाई म्हणाल्या, याला साठलेलं पाणी पाणी म्हणून कळतच नाही, हा पानांवरचे थेंब चाटतो. फवाऱ्याचं यंत्र आहे ना? आहे, पण मी ते दिवसातून एकदा, दहा सेकंदांवर आणलं होतं. का? मी खाली मान घालून खरं ते सांगितलं, "सर्दी होईल म्हणून." विष्ठेतला जो भाग पांढरा हवा तो पिवळसर होता, म्हणजे नाना तहानलेले होते. जंत वगैरे काही निघाले नाहीत.

पिंजरा कुठे आहे? अभ्यासाच्या खोलीत, जमिनीवर. समोर काय आहे? कपाटं. कपाटांना दारं कसली?

आरशाची.

बाईंनी पेन खाली ठेवलं. समोरच्या आरशात नानांना दिवसभर एक दुसरा नर दिसत होता. त्यांच्याच मापाचा, त्यांच्याच पगडीचा, आणि हलायला तयार नसलेला. घरी आल्यावर मी शोधून काढलं की अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात रसेल लिगन यांनी नेमक्या याच जातीच्या नरांच्या झुंजी अभ्यासल्या होत्या आणि २०१४ मध्ये लिहिलं होतं की हरणारा नर काळवंडतो. 'मी हरलो, आता पुरे' असं सांगायची ती रीत. नाना काळवंडून शरण जात होते आणि पाहत होते तर समोरचाही शरण आलेला! दोघेही हरलेले, दोघेही काळे आणि जागा कोणीच सोडत नाही. कुठल्याही मंडळाच्या अध्यक्षपदासाठी 'आपणच व्हा', 'छे, छे, आपणच' हे जसं रात्री अकरापर्यंत चालतं, तसं नानांचं आठवडाभर चाललं होतं.

"आणि याच्याकडे तुम्ही दिवसातून किती वेळा बघता?" बाईंनी विचारलं.

इथे माझी बाजू भक्कम होती. मी फोन काढला आणि तक्ता दाखवला. रविवारी एकतीस वेळा, रात्रीचे टॉर्चचे तीन धरून चौतीस. बाईंनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "कारळं म्हणजे काय?" एवढं एकच त्यांनी मध्ये विचारलं. मग मनवाकडे वळून, मोठ्या माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, "या प्राण्याकडे कोणी टक लावून पाहिलं की त्याला वाटतं, आता हा मला खाणार. तुझे बाबा याला गेला आठवडाभर दिवसाला चौतीस वेळा खाऊन टाकत आहेत."

औषध काहीच नव्हतं. फवारा सकाळ-संध्याकाळ, चांगला काही मिनिटं. वरून थेंब थेंब ठिबकणारं पाणी. पिंजरा माणसाच्या नजरेच्या वर, तीन बाजूंनी झाकलेला. आरसे बंद. दोन आठवडे हात लावायचा नाही, आणि मुख्य म्हणजे बघायचं नाही. या न बघण्याचे एकशे पंचाऐंशी डॉलर झाले.

गाडीत मनवा म्हणाली, "म्हणजे बाबा, आजी बरोबर होती."

मी रेडिओ लावला.

घरी येऊन पिंजरा पुस्तकांच्या उंच कपाटावर चढवला. आरशांवर बायकोच्या दोन जुन्या सुती साड्या टांगल्या. ठिबक सिंचनासाठी प्लास्टिकच्या पेल्याच्या बुडाला सुईने भोक पाडलं. आयुष्यात प्रथमच शेतकऱ्याच्या मुलासारखं काही केलं. तक्ता पुसला. मनवाने दारावर कागद लावला: 'बाबांना प्रवेश नाही'. आणि सात रातकिडे एका कपात ठेवून आम्ही दार लावून घेतलं.

ते तीन दिवस मला फार कठीण गेले. शॅमेलिऑनची जीभ शरीराहून लांब जाते, आणि तिच्या टोकावरची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा चारशे पट दाट असते, असं २०१६ मध्ये मोजलं गेलंय. असलं वाचत मी दाराबाहेर जमिनीवर बसून राहायचो. आत फवारा सुरू झाला की कान लावायचो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, माझी त्या दारापर्यंत होती. चौथ्या दिवशी सकाळी मनवा एकटी, मान खाली घालून आत गेली आणि कप घेऊन बाहेर आली. सातांतले दोन उरले होते.

"रंग?" मी विचारलं.

"बघितलं नाही," ती म्हणाली. "पण डोळ्याच्या कोपऱ्यातून पालक वाटला."

आईला कळवलं. तिने विचारलं, मीठमोहऱ्या किती वेळा ओवाळल्यास? मी म्हटलं, एकदा. खोटं बोललो, पण एकशे पंचाऐंशी डॉलरचा आकडा तिला सांगण्यापेक्षा ते बरं.

नाना आता वर्षाचे झालेत, पगडी चांगली बोटभर उंच झाली आहे. पन्नास पौंड वाळू गॅरेजमध्ये आहे, कोणाला हवी असल्यास फुकट न्यावी. देवघरामागचा अकरावा रातकिडा काही दिवसांनी गप्प झाला. प्लेनोला कधी आलात तर आमच्याकडे जरूर या, मिसळ करू. फक्त जिन्यावरून वर गेल्यावर डाव्या हाताच्या खोलीचं दार लावलेलं असेल, ते उघडू नका. फारच राहवलं नाही तर जमिनीकडे बघत जा, आणि फोटो मागू नका, माझ्याकडे एकही नाही.